निद्राशास्त्र आणि रात्रीचे पाणी

ऑक्सफर्ड विद्यापीठातील मज्जाशास्त्रज्ञ रसेल फॉस्टर यांचा ‘लाइफ टाइम’ हा ग्रंथ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. निद्रा, देहाची दैनिक लय आणि आरोग्य यांचा परस्परसंबंध हा त्याचा विषय होय. अशा ग्रंथाचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न वेगळे ठेवणे अवश्य आहे. त्यातील सिद्धान्त कितपत दृढ आहे, हा पहिला. आणि त्यातून निघणारा उपदेश कोणापर्यंत पोहोचतो, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय अनुकूल आहे. वनस्पतीची पाने अंधारातही ठरल्या वेळी मिटतात व उमलतात, हे द मेराँ यांनी १७२९ मध्येच नोंदविले होते. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील या घड्याळाचे स्थान १९७२ मध्ये निश्चित झाले. ते घड्याळ सूर्याशी जुळते कसे, या प्रश्नाच्या उलगड्यात फॉस्टर यांचा वाटा मोठा आहे. ज्या उंदरांच्या डोळ्यांत पाहण्याच्या पेशी उरल्या नव्हत्या, त्यांचीही लय प्रकाशानुसार सरकते, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखविले. दृष्टी गेली तरी डोळ्याला वेळ कळते, हे विधान प्रारंभी अनेकांना पटले नाही. पुढे २००२ मध्ये प्रकाश टिपणाऱ्या निराळ्या पेशींचा शोध लागून ते दृढ झाले.

यातून निघणारा निष्कर्ष गंभीर आहे. हे घड्याळ सूर्याचे ऐकते, मनुष्याच्या निश्चयाचे नव्हे. वर्षानुवर्षे रात्री काम करणाऱ्याचीही लय बहुधा उलटत नाही, कारण घरी परतताना सकाळचे ऊन तिला पुन्हा पूर्वस्थानी आणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात केला, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

दुसरा प्रश्न मात्र इतका सुकर नाही. परभणी जिल्ह्यातील, जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे प्राचीन मंदिरावशेषांमुळे अभ्यासकांस परिचित असलेले गाव घ्यावे. ऑक्सफर्डचा हिवाळी दिवस आठ तासांहूनही लहान. चारठाण्याचा सुमारे अकरा तासांचा. दिवसा उघड्यावर राहण्याचा उपदेश येथील शेतकऱ्यास अनावश्यक आहे. त्याचा दिवस उन्हातच जातो. त्याची अडचण रात्रीची आहे. महाराष्ट्रात अनेक वर्षे शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज देण्याची पद्धत राहिली. हरभऱ्याला वा गव्हाला पाणी द्यायचे, तर वीज येईल तेव्हा उठून मोटार चालू करावी आणि थंडीत, सापकिरड्याची भीती बाळगून, दारे धरावीत. पाळी दिवसाची झाली की क्रम पुन्हा बदले.

मराठीत ‘जागल’ हा शब्द पिकाच्या राखणीसाठी जुनाच आहे. कोजागिरी, जागरण, गोंधळ यांतही जागणे आहे. परंतु त्या जागण्याला हंगाम वा निमित्त असे आणि ते सरले की झोप परत मिळे. वेळापत्रकाने लादलेल्या जागरणाला असा शेवट नसतो.

पाळीकामगारांचा विचार फॉस्टर यांनी केला आहे. त्यांची वैद्यकीय तपासणी, आहार, घरी परततानाची सुरक्षितता यांविषयी मालकांची जबाबदारीही ते सांगतात. येथेच ग्रंथाची मर्यादा दिसते. रात्री दारे धरणाऱ्याला मालक नाही. तो स्वतःचाच मालक मानला जातो. म्हणून त्याची झोप कोणाच्याच हिशेबात येत नाही, आणि पहाटे त्याच घरात चूल पेटविणारीची तर त्याहूनही नाही. रात्रपाळी म्हणून ज्याची नोंदच होत नाही, त्या श्रमाला कारखान्यासाठी योजिलेला उपाय कसा लागू पडावा?

तथापि हा दोष सिद्धान्ताचा नव्हे. उलट सिद्धान्तच येथे शेतकऱ्याचा साक्षीदार होतो. देह सवयीने रात्रीला सरावत नसेल, तर ‘शेतकऱ्याला सवय असते’ हे समाधान निराधार ठरते. दिवसा वीज देण्यासाठी राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. तिची चर्चा प्रायः खर्च व अनुदान यांच्या भाषेत होते. ती आरोग्याच्या भाषेतही व्हावयास हवी, हे या ग्रंथावरून सिद्ध होते. ग्रंथकर्त्याने मात्र ते म्हटलेले नाही.