दारावरची पाटी

ज्या दारावर ‘ढकला’ अशी पाटी लावावी लागते, ते दार करणाराने काम अर्धेच सोडलेले असते. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या ग्रंथाचे सार कोणी एका वाक्यात विचारले, तर मी हेच सांगेन. ग्रंथ प्रथम १९८८ साली निघाला तो ‘द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या नावाने. वस्तूंनी आपली ओळख आपणच द्यावी, असे सांगणाऱ्या या पुस्तकाला स्वतःचे नाव मात्र पुढे बदलावे लागले! त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती २०१३ साली आली. यंत्र आणि माणूस यांच्यातला व्यवहार कसा आखावा, हे शिकू पाहणाऱ्या तरुणांच्या हाती आजही बहुधा हेच पुस्तक प्रथम दिले जाते.

नॉर्मन यांचे म्हणणे साधे आहे. कोणतीही वस्तू वापरताना आपल्यापुढे दोन दऱ्या असतात. ‘आता काय करू?’ ही पहिली आणि ‘केले ते झाले का?’ ही दुसरी. चांगली वस्तू या दोन्ही दऱ्यांवर पूल बांधते. त्यांचे शेगडीचे उदाहरण कोणत्याही गृहिणीला पटेल. दोन चुलींच्या शेगडीत डावे बटण डाव्या चुलीचे, उजवे उजवीचे. कुणी शिकवावे लागत नाही. पण चार चुली चौकोनात मांडल्या आणि त्यांची बटणे मात्र एका ओळीत, की दूध एकीकडे आणि जाळ दुसरीकडे! यात बाईचा वेंधळेपणा नाही. दोष त्या मांडणीचा आहे.

या ग्रंथाचे खरे मोल मला येथेच वाटते. आमच्या मावशींनी आयुष्यभर तीस माणसांचा स्वयंपाक डोळे मिटून केला. पण मोबाइल हाती आला की त्या म्हणतात, ‘मला नाही बाई जमत.’ यंत्रापुढे अशी किती शहाणी माणसे स्वतःला अडाणी ठरवून घेतात! नॉर्मन त्यांना या खोट्या अपराधातून मुक्त करतात. एका ग्रंथाने एवढे करावे, हे थोडे नव्हे.

तथापि माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली अशी की, हा ग्रंथ दोष पाहायला जितके शिकवतो, तितके वस्तू घडवायला शिकवीत नाही. तो वाचणारा महिनाभर प्रत्येक दाराला नावे ठेवीत हिंडतो! नव्या आवृत्तीत पाहा, कल्पना लढवा, कच्चा नमुना करा, तपासून पाहा आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करा, असा क्रम सांगणारे नवे प्रकरण आले, हे खरे. पण नमुन्याची गोडी वर्णनाने कळत नाही. त्याकरिता जेफ हॉकिन्स यांच्याकडे पाहावे. १९९६ साली बाजारात आलेले ‘पाम पायलट’ हे खिशात मावणारे यंत्र घडविताना त्यांनी आधी नुसता लाकडाचा ठोकळा कापून घेतला, तो खिशात घालून हिंडले आणि कोणी भेटीची वेळ मागितली की ठोकळ्यावर लिहिल्याचे सोंग केले. ठोकळा खिशाला जड होतो का, तो पुन्हा पुन्हा काढावासा वाटतो का, हे एका पैचाही विद्युत्-भाग न जोडता कळले. चुकायचेच, तर लाकडात चुकावे. ते स्वस्त पडते.

दुसरी तक्रार अधिक जवळची. रूढीप्रमाणे ‘सहज’ काय ते बदलते, हे नॉर्मन मान्य करतात. पण त्यांच्या पुस्तकातला माणूस बहुतेक वेळा यंत्रापुढे एकटाच उभा असतो. आमच्या घरात मोबाइल मावशींचा, बोट नातवाचे आणि सल्ला शेजारच्या वहिनींचा! मुंबईच्या आय. आय. टी.तील अभिकल्प-विद्यालयात घडलेल्या ‘स्वरचक्र’ या कळफलकाने निराळी वाट दाखविली. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने आहेत. ‘क’वर बोट ठेवले की भोवती ‘का, कि, की’चे चक्र उमटते. शाळेत घोकलेली बाराखडीच येथे दारावरच्या पाटीचे काम करते. माणसाच्या डोक्यात आधीच काय आहे, हे त्याच्या ओसरीवर बसून पाहावे लागते.

म्हणून माझी शिफारस अशी. ग्रंथ अवश्य वाचावा. पण मग या सुट्टीत घरीच एक खेळ मांडावा. चार कागदांवर मोबाइलचे चार पडदे पेन्सिलीने काढा. मावशींनी बोट ठेवावे आणि नातवाने यंत्र होऊन पुढचा कागद सरकवावा. तुम्ही शेजारी बसून पाहा. मात्र तोंडातून अवाक्षर काढू नका. ज्या कागदावर मावशींचे बोट अडेल, तो फाडा आणि नवा काढा.

मावशींना शिकविण्याचा मोह आवरणे, हा या विद्येतला पहिला धडा. तो पुस्तकात लिहिलेला आहे. पण यायचा तो असा समोर बसूनच येतो.