क्रेऑनला झालेला उशीर

‘गर्वाचे घर खाली’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अभिजात शोकांतिका वाचतानाही आपण बहुधा हीच म्हण हाताशी धरतो आणि नायकाच्या पतनाचे कारण सापडले, या समाधानात पुस्तक मिटून ठेवतो. परंतु गर्व माणसाच्या मनात कोणत्या वाटेने शिरतो आणि घर कोसळते तेव्हा त्याखाली कोण सापडते, हे प्रश्न त्या म्हणीने सुटत नाहीत. त्यांचा शोध घ्यायचा असेल तर सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराच्या ‘अँटिगनी’कडे वळावे. इ.स.पू. 441च्या सुमारास रंगभूमीवर आलेले हे नाटक आजही जगभर खेळले जाते.

कथा थोडक्यात अशी. थीब्ज नगरीच्या राज्यासाठी दोन सख्खे भाऊ लढले आणि एकमेकांच्या हातून मारले गेले. इटिओक्लीस नगरीचे रक्षण करीत होता, तर पॉलिनायसीस परके सैन्य घेऊन तिच्यावर चालून आला होता. त्यांचा मामा क्रेऑन गादीवर आला आणि त्याने आज्ञा काढली: पहिल्याला सन्मानाने मूठमाती द्यावी, दुसऱ्याचे प्रेत उघड्यावर कुत्र्या-गिधाडांसाठी टाकावे. त्यांची बहीण अँटिगनी हिने ती आज्ञा मोडली आणि भावाच्या देहावर माती टाकली. ती क्रेऑनच्या मुलाची, हायमॉनची, वाग्दत्त वधू होती. क्रेऑनने तिला खडकातील गुहेत जिवंत कोंडले.

बायबलचे वाचक असलेल्या आपल्याला येथे तोबीत आठवल्यावाचून राहत नाही. राजाने मारलेल्या आपल्या बांधवांना त्याने गुपचूप पुरले आणि त्यापायी त्याला परागंदा व्हावे लागले. मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांत गणले आहे. त्यामुळे आपली सहानुभूती सहजच अँटिगनीकडे जाते आणि क्रेऑन आपल्याला केवळ खलनायक वाटू लागतो. येथेच आपले वाचन चुकते.

क्रेऑन प्रथम बोलतो तेव्हा तो गर्विष्ठ वाटत नाही. राज्य ही सर्वांना वाहून नेणारी नौका आहे, आप्तेष्टांपेक्षा देश मोठा, असे तो म्हणतो. यात गैर ते काय? देशद्रोह्याला स्वतःच्या भूमीत थडगे नाकारणे अथेन्सच्या कायद्यालाही अपरिचित नव्हते. मात्र सीमेबाहेर पुरणे वेगळे आणि प्रेताची विटंबना करणे वेगळे. क्रेऑनने ती मर्यादा ओलांडली, पण ओलांडताना आपण नगरीचेच हित करीत आहोत, असे त्याला मनापासून वाटत होते. गर्व हा नेहमी मग्रुरीचा वेष घालून येत नाही. कित्येकदा तो कर्तव्याचा झगा घालून येतो.

एक गोष्ट मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. मर्यादाभंग करणाऱ्या उर्मटपणाला ग्रीक भाषेत ‘ह्यूब्रिस’ असा शब्द आहे. शोकांतिकेच्या नायकावर समीक्षक हा शब्द सर्रास चिकटवतात. या नाटकात मात्र क्रेऑन तो अँटिगनीविरुद्ध वापरतो: हिने आज्ञा मोडली हा एक उर्मटपणा आणि वर त्याचा अभिमान मिरवते हा दुसरा. म्हणजे गर्वाचा आरोप करणाराच गर्वाच्या आहारी गेलेला आहे. दुसऱ्याचा ताठा आपल्याला चटकन दिसतो. आपल्या ताठ्याला आपण तत्त्वनिष्ठा म्हणतो.

त्याचा गर्व ओळखायचा कसा? सोफोक्लीस त्याची एक खूण देतो. पहारेकरी बातमी आणतो, तेव्हा क्रेऑन म्हणतो, तू पैसे खाल्लेस. हायमॉन विनवायला येतो, तेव्हा म्हणतो, तू त्या पोरीचा गुलाम झालास. टायरेसियस हा अंध द्रष्टा सावध करतो, तेव्हा म्हणतो, तूही विकला गेलास. काय सांगितले, याकडे त्याचे लक्षच नाही. का सांगितले असेल, एवढेच तो शोधतो. गर्व माणसाचे डोळे झाकतो, असे आपण म्हणतो. मला वाटते, तो आधी कान बंद करतो.

हायमॉनचे बोलणे तर मराठी वाचकाला ओळखीचेच वाटेल. पुरात जी झाडे वाकतात ती वाचतात, जी ताठ उभी राहतात ती मुळासकट जातात, असे तो बापाला सांगतो. तुकोबांचा महापूर आणि त्यातील लव्हाळे येथे कोणाला आठवणार नाहीत? दोन हजार वर्षांच्या अंतराने, एकमेकांची गंधवार्ता नसताना, दोन कवींनी नम्रतेसाठी जवळजवळ एकच दृष्टान्त योजावा, हे विलक्षण आहे.

अँटिगनी तरी निर्दोष आहे काय? तीही हट्टी आहे. मरणात सोबत करू पाहणाऱ्या इस्मिनी या बहिणीला ती तोडून बोलते. कोरसमधील वृद्ध तिलाही तिच्या आत्महट्टाचा दोष देतात. येथे दोन न्याय्य पक्षांची टक्कर आहे, असे जर्मन तत्त्ववेत्ता हेगेल मानत असे. ते अंशतः खरे आहे. तथापि अँटिगनी आपल्याहून वरच्या नियमाला शरण आहे. क्रेऑनला मात्र आपला शब्द हाच नियम वाटू लागला आहे. म्हणूनच ती मरते, पण तिचे पतन होत नाही. तो जगतो, पण त्याचे सर्वस्व जाते.

अखेरीस क्रेऑन वाकतो, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. टायरेसियस निघून गेल्यावर तो भयभीत होऊन वृद्धांचा सल्ला मागतो. ते सांगतात: जा, आधी त्या मुलीला सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. तो धावतो, पण क्रम उलटा करतो. आधी तो पॉलिनायसीसच्या उरल्यासुरल्या देहाचे दहन करतो, त्यावर मातीचा ढीग रचतो आणि मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हायमॉन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो आणि तीच तलवार तो स्वतःत खुपसतो. ते ऐकून राणी युरिडिसी जीव देते. गर्व एकाचा, किंमत मोजली ती घरातल्या माणसांनी.

त्याने क्रम का उलटा केला? अभ्यासकांनी याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. सेमिनरीत हे नाटक वाचले तेव्हा मला तो केवळ कथानकाच्या सोयीचा भाग वाटला होता. आज तसे वाटत नाही आणि त्याचे कारण मला सांगितले पाहिजे.

दीक्षेनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका खेड्यात होतो. तेथील एका तरुणाने आत्महत्या केली. त्याचा देह मंदिरात आणण्यास मी नकार दिला आणि दफनभूमीच्या फाटकाशी चार प्रार्थना म्हटल्या. आदल्या संध्याकाळी एका वयस्क प्रार्थनाशिक्षकाने मला हळूच म्हटले होते, “फादर, त्याच्या आईकडे तरी बघा.” मी उत्तरलो, “तुम्ही मला नियम शिकवू नका.” रात्री मी विधिसंहिता उघडली. 1917च्या संहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला होता. 1983च्या संहितेतून तो उल्लेख गेलेला आहे. हे मी विसरलो होतो. सकाळी निर्णय फिरवता आला असता. पण सारा गाव माझा शब्द ऐकून बसला होता.

पुढे मी त्या तरुणासाठी पुष्कळ मिस्सा अर्पण केल्या. त्याच्या आईच्या दारी जायला मात्र मला अकरा वर्षे लागली. गेलो तेव्हा दाराला कुलूप होते. म्हातारी दोन वर्षांपूर्वीच वारली, असे शेजारणीने सांगितले.

तेव्हापासून मला क्रेऑनचा उलटा क्रम समजतो. मृताची क्षमा मागणे सोपे असते; तो काही बोलत नाही. जिवंत माणसासमोर उभे राहून, त्याच्या डोळ्यांत पाहून ‘माझे चुकले’ म्हणणे, हे गर्वाला सर्वांत जड जाते. म्हणून पश्चात्ताप झाल्यावरही तो आपल्याला आधी थडग्याकडे नेतो.

सारेच माणूस म्हणून चुकतात, असे टायरेसियस क्रेऑनला सांगतो. चूक सुधारणारा अभागी नव्हे. आपली पापनिवेदनाची परंपरा याहून वेगळे काय सांगते? घरातील वडील, शाळेतील शिक्षक, वेदीवरचा धर्मगुरू, ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्या सर्वांनी हे नाटक वाचावे. आणि त्या वृद्धांनी सांगितलेला क्रम ध्यानात ठेवावा: आधी गुहेतले जिवंत माणूस, थडगे नंतर.