क्लिक केलं, आणि काहीच झालं नाही

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक हुशारी केली होती. वाचलेल्या पेपरांची यादी एका वेबपानावर बनवली, आणि प्रत्येक नावाला लॅपटॉपवरच्या पीडीएफची लिंक दिली. डेस्कटॉपवरून पान उघडलं की सगळं झकास चालायचं. मग तेच पान विभागाच्या सर्व्हरवर टाकलं. प्रगती सेमिनारच्या आदल्या रात्री, त्याच लॅपटॉपवर, क्लिक करत बसले. काहीच होईना. लिंक निळी, दिसायला ठणठणीत, पण मेलेली.

तुम्हीही हे कधीतरी करणार, म्हणून आधीच सांगते. पान कुठून आलं, हे ब्राउझर बघतो. डिस्कवरून उघडलेलं पान (पत्ता फाइल:/// असा सुरू होतो) डिस्कवरच्या दुसऱ्या फाइलची लिंक उघडू शकतं. वेबवरून आलेल्या पानाला ती मुभा नाही.

ही बंदी मला पटते. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये 'कॉन' हे राखीव नाव दोनदा असलेला फाइलचा पत्ता वेबपानात चित्र म्हणून दडवला, तरी कॉम्प्युटर कोसळायचा. शिवाय विंडोजमध्ये असा पत्ता दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरचाही असू शकतो, आणि तिकडे जाताना तुमच्या पासवर्डचा हॅश सोबत जाऊ शकतो.

पटत नाही ती ब्राउझरची मुखस्तंभ वृत्ती. क्रोम कारण सांगतो, नाही असं नाही, पण डेव्हलपर कन्सोलमध्ये! एफ१२ दाबून तिथे डोकावणाऱ्याला निम्मं उत्तर आधीच माहीत असतं. बाकीचे माझ्यासारखे फाइलचं नाव बदलून बघतात, स्लॅश मोजतात. (स्लॅश तीनच बरोबर. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे यजमान कॉम्प्युटरचं नाव येतं; जागा रिकामी म्हणजे 'हाच कॉम्प्युटर'.) एका ओळीची सूचना पानावर दाखवली असती तर माझी रात्र वाचली असती.

फायरफॉक्सने २०१९ मध्ये, ६८व्या आवृत्तीत, आणखी एक दार लावलं: डिस्कवरून उघडलेलं पान शेजारच्या फाइलमधला मजकूर स्क्रिप्टने वाचू शकत नाही. लिंक उघडते, पण सीएसव्हीमधून आलेख काढणारं पान कोरं राहतं. यावर पायथॉनचा एचटीटीपी.सर्व्हर पुरतो. पान आणि पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये ठेवा, लिंक सापेक्ष द्या, आणि सर्व्हर १२७.०.०.१ ला बांधायला विसरू नका. नाहीतर तो नेटवर्कवरच्या सगळ्यांसाठी खुला होतो, आणि हॉस्टेलच्या वायफायवर तुमचा अपुरा थिसिस कोणीही वाचेल.

मी आता झोटेरोच्या नोंदीचीच लिंक देते. फोल्डर हलवलं तरी ती तुटत नाही. फक्त झोटेरो त्या कॉम्प्युटरवर हवं. गाईडच्या कॉम्प्युटरवर ते नाहीये, त्यामुळे त्यांना अजून पीडीएफ मेलनेच जातात.