आरंभीची ख्रिस्ती कला आणि तिच्या अभावाची मीमांसा

धर्मकलेचा इतिहास लिहिताना एक सूत्र वारंवार वापरले जाते. प्रत्येक धर्म आपल्या आरंभीच्या शुद्ध अवस्थेत प्रतिमाविरहित असतो. पुढे प्रतीके येतात, प्रतीकांमागून प्रतिमा येते आणि प्रतिमेबरोबर अवनतीस प्रारंभ होतो, असे हे सूत्र. भारहुत-सांची येथील शिल्पे आणि रोममधील ख्रिस्ती भुयारांतील चित्रे ही त्याची दोन उदाहरणे म्हणून शेजारी शेजारी मांडली जातात. बौद्धांनी भगवान बुद्धांच्या ठिकाणी बोधिवृक्ष व चक्र कोरले, ख्रिस्ती लोकांनी येशूच्या ठिकाणी मासा व जहाजाचा नांगर रेखाटला. सबब दोन्हीकडे तत्त्व एकच, असा निष्कर्ष काढला जातो. आपल्याकडील व्याख्यानांतूनही ही तुलना ऐकू येते व श्रोत्यांना ती सुखावते. आम्हांस ती मान्य नाही. दोन अभाव सारखे दिसले म्हणून त्यांची कारणे सारखी ठरत नाहीत, आणि ख्रिस्ती अवशेषांचा पुरावा बारकाईने पाहिला तर या सूत्राचा अर्धा भाग तेथेच कोसळतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इ.स. २०० च्या सुमारापूर्वीची, निःसंशय ख्रिस्ती म्हणता येईल अशी कलाकृती उपलब्ध नाही. येशूच्या मृत्यूपासून मोजल्यास दीड शतकाहून अधिक काळ रिकामा आहे. या रिकाम्या काळाचा पारंपरिक उलगडा असा की, मूर्ती करू नये ही यहुदी धर्मशास्त्रातील आज्ञा आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी कसोशीने पाळली. तर्तुलियनसारख्या लेखकांनी मूर्तिपूजेवर केलेली टीका त्याचा पुरावा म्हणून दिली जाते. पॉल कॉर्बी फिनी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या 'द इनव्हिजिबल गॉड' या ग्रंथात हा उलगडा नाकारला. त्या लेखकांचा रोख परधर्मीयांच्या देवतामूर्तींवर होता, कलेवर नव्हता, हे त्यांनी दाखविले. आणि कलेच्या अभावाचे कारण म्हणून सामाजिक परिस्थितीकडे बोट केले. या समाजाजवळ सामूहिक मालकीची जमीन नव्हती, भांडवल नव्हते. जेथे चित्र काढावयाचे ती भिंतच त्यांची नव्हती.

अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा इ.स. २०० च्या सुमाराचा लेखक. भारतात 'बुत्त' याच्या उपदेशाप्रमाणे चालणारे लोक आहेत, अशी नोंद ग्रीक भाषेत करणारा हाच, त्यामुळे आपल्या अभ्यासकांना तो परिचित आहे. अंगठीच्या मुद्रेवर कोणते चिन्ह असावे, याविषयी त्याने आपल्या ख्रिस्ती वाचकांना सल्ला दिला आहे. कबुतर, मासा, जहाज, वीणा, नांगर चालेल. देवतांचे मुखवटे, तलवार, मद्याचे पेले नकोत. हा उतारा ख्रिस्ती प्रतीकविद्येचा आरंभ म्हणून उद्धृत होतो. परंतु क्लेमेंट नवी चिन्हे घडवावयास सांगत नाही. बाजारात सर्वांसाठी तयार मिळणाऱ्या मुद्रांतून निवड कशी करावी, एवढेच तो सांगतो. मासा कोरलेली अंगठी शेजारच्या बिगरख्रिस्ती माणसाच्या बोटातही असे. अशी अंगठी उत्खननात सापडली, तर ती ख्रिस्ती माणसाची होती हे कोणत्या कसोटीवर ठरवावयाचे? म्हणजे जी कला 'नव्हती' असे आपण म्हणतो, तिचा काही भाग ओळखता न येण्याजोगा होता, इतकेच म्हणणे सुरक्षित आहे.

मग बदल कोठे झाला? रोममध्ये तो जमिनीखाली झाला. अप्पिया मार्गावरील दफनभूमीची व्यवस्था बिशप झेफिरिनस याने कॅलिक्स्टस नावाच्या इसमाकडे सोपविली, असे हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या ग्रंथात नमूद आहे. हा कॅलिक्स्टस पूर्वाश्रमीचा गुलाम. धन्याच्या पैशाच्या व्यवहारात तो बुडाला आणि पुढे सार्डिनिया बेटावरील खाणींत शिक्षा भोगून आला. ग्रंथकर्ता त्याचा वैरी असल्याने हा वृत्तान्त जपूनच वाचावा लागतो. परंतु वैऱ्याने दिलेली दफनभूमीची नोंद खोटी असण्याचे कारण दिसत नाही. पुढे हाच गुलाम रोमचा बिशप झाला (सुमारे इ.स. २१७ ते २२२). रोममधील ख्रिस्ती समाजाने समाज म्हणून सांभाळलेली ही पहिली ज्ञात जागा, आणि तिच्याच सर्वांत जुन्या दालनांत त्यांची आरंभीची चित्रे आढळतात. मऊ ज्वालामुखीय दगडात खोदलेले अरुंद बोळ, दोन्ही बाजूंस एकावर एक प्रेतांचे कोनाडे, आणि मधूनमधून गिलावा केलेल्या लहान खोल्यांच्या छतांवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, माशाच्या तोंडातून सुटलेला योना, सिंहांमध्ये उभा दानीएल. खोदणारे मजूर स्वतःही तेथे दिसतात. दोमितिल्लाच्या भुयारात दिओगेनेस नावाच्या खोदकाऱ्याचे, हाती कुदळ घेतलेले चित्र होते. आता ते जुन्या रेखाटनावरूनच ज्ञात आहे. भुयारे सगळी दरिद्री लोकांचीच होती, असे मात्र समजू नये. दोमितिल्ला हे नावच एका उच्चकुलीन स्त्रीच्या जमिनीवरून आलेले आहे.

याहून स्पष्ट साक्ष रोमपासून फार दूर, सिरियातील युफ्रेटिस नदीच्या काठी असलेल्या दुरा-युरोपोस या नगरीत मिळते. १९२० साली ब्रिटिश सैनिक खंदक खणत असता तेथे भित्तिचित्रे उघडी पडली. १९२८ ते १९३७ या काळात येल विद्यापीठ व फ्रेंच अकादमी यांनी तेथे उत्खनन केले आणि १९३२ च्या जानेवारीत पश्चिमेकडील तटाला लागून असलेले एक घर हाती आले. त्याच्या गिलाव्यातील कालनोंद इ.स. २३२-३३ ची. बाहेरून ते त्या गल्लीतील इतर घरांसारखेच, मध्ये अंगण व सभोवती खोल्या. इ.स. २४० नंतर केव्हातरी दोन खोल्यांमधील भिंत काढून सुमारे १३ मीटर लांब व ५ मीटर रुंद असे सभागृह करण्यात आले. एका टोकास बुटका चौथरा, बाकी काही नाही. सभागृहाच्या भिंतींवर चित्र नाही. चित्रे आहेत ती दुसऱ्या बाजूच्या लहान खोलीत, जेथे बाप्तिस्म्याचे कुंड होते.

कुंडावर छत, छताच्या आतील बाजूस निळ्या रंगात तारे. पाठीमागच्या भिंतीवर मेंढपाळ, त्याच्या पायांखाली लहान आकारात आदाम व हव्वा. बाजूच्या भिंतीवर पक्षघाती माणूस खाटेवर पडलेला, आणि त्याच चौकटीत तोच माणूस खाट पाठीवर घेऊन चालू लागलेला. एकाच पात्राची दोन कृत्ये एका चौकटीत दाखविण्याची ही रीत भारहुतच्या जातकशिल्पांत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ताबडतोब उमगते. पलीकडे पाण्यावरून चालणारा येशू व त्याच्याकडे हात केलेला पेत्र. विहिरीतून पाणी काढणारी एक स्त्री आहे. तिला शोमरोनी स्त्री मानण्याचा प्रघात आहे, परंतु मायकेल पेपर्ड यांनी २०१६ साली ती मरिया असावी असे मांडले. खालच्या भागात दिव्यांसह निघालेल्या स्त्रियांची रांग आहे, तिच्याविषयीही मतभेद आहेत. चित्रकार सामान्य कुवतीचा होता, हे मान्य केले पाहिजे. आकृती आखूड, हात वेडेवाकडे. पण येशूच्या, काळ निश्चित असलेल्या, सर्वांत जुन्या प्रतिमा याच. त्यांत तो दाढी नसलेला, आखूड केसांचा, साध्या अंगरख्यातील तरुण आहे. भिंतींवर भक्तांनी ओरखडून ठेवलेले लेखही आहेत. प्रोक्लस नावाच्या इसमाची आठवण ठेवा, असे त्यांपैकी एकात सांगितले आहे. सांचीच्या कठड्यांवर आपल्या नावागावासह दान नोंदविणाऱ्या उपासक-उपासिकांची आठवण येथे होते.

भिंत हाती येताच या लोकांनी ती रंगविली. आज्ञा तीच होती, धर्मग्रंथ तोच होता. शंका उरलीच तर त्याच रस्त्यावर, थोड्या अंतरावर सापडलेले यहुद्यांचे सभास्थान ती दूर करते. तेथील लेखात इ.स. २४४-४५ चा काळ आहे, आणि ज्यांच्या धर्मशास्त्रातील ही आज्ञा, त्यांच्या या सभागृहाच्या भिंती मोशे, दावीद, एस्तेर यांच्या कथांनी भरून गेलेल्या आहेत. फिनी यांच्या उलगड्याला यापेक्षा भक्कम आधार नको.

आमच्या वाचकांनी या मुद्द्यापाशी थांबावे असे आम्हांस वाटते. पुरातत्त्व बोलते ते मालकीच्या भिंतींवरून. ज्याला जमीन नाही, ज्याला पक्के घर बांधू दिले नाही, ज्याने गेरूने ओढलेली रेघ कुडाच्या भिंतीबरोबर पावसात वाहून गेली, त्याच्या धर्मजीवनाचा पुरावा उत्खननात सहसा लागत नाही. गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजांना कलेची परंपरा नव्हती, असे निष्कर्ष विद्वत्तेच्या भाषेत काढले जातात, तेव्हा अवशेषांच्या अभावाला अंतःकरणाचा अभाव समजण्याची तीच चूक होत असते. दुराचे घर सासानी वेढ्याच्या वेळी, इ.स. २५६ च्या सुमारास, तट बळकट करण्यासाठी रोमन सैन्याने मातीखाली गाडले म्हणून ते टिकले. गाडले गेले नसते तर तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती लोक सभास्थळे रंगवीत नसत, असे आजही शिकविले गेले असते.

तथापि फिनी यांचा उलगडा सर्वत्र पुरत नाही. क्रूसावरील येशूचे चित्र या सर्व जागांत कोठेच नाही, आणि याचे कारण भिंतीची उणीव असू शकत नाही. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ साली सापडलेल्या एका ओरखड्यात गाढवाचे मस्तक असलेला माणूस क्रूसावर दिसतो. आलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करीत आहे, अशी टवाळी खाली लिहिली आहे. क्रूसारोहणाच्या अगदी जुन्या चित्रांपैकी एक असे शत्रूने काढलेले आहे. ख्रिस्ती हातांनी सार्वजनिक इमारतीत कोरलेले क्रूसारोहण दिसते ते इ.स. ४३० च्या सुमारास, रोममधील सान्ता साबिना या चर्चच्या लाकडी दरवाजावर. क्रूस ही प्रामुख्याने गुलामांची व बंडखोरांची शिक्षा होती. ज्यांच्या आप्तांनी ती भोगली असेल त्यांनी ती भिंतीवर काढली नाही, यात आम्हांस नवल वाटत नाही. सम्राट कॉन्स्टन्टाइनने ही शिक्षा बंद केली असे प्राचीन इतिहासकार सांगतात. ती डोळ्यांआड झाल्यावरच तिचे चित्र सुसह्य झाले असावे.

कॉन्स्टन्टाइननंतरच्या कलेविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही. इ.स. ४०० च्या सुमाराच्या सान्ता पुदेन्त्सियानामध्ये येशू सोनेरी वस्त्रात रत्नजडित आसनावर बसला आहे, आणि त्याचे कोळी प्रेषित रोमन सरदारांच्या पोशाखात आहेत. हे रूप सम्राटाचे की तत्त्ववेत्त्याचे, यावर थॉमस मॅथ्यूज यांनी १९९३ साली मोठा वाद उभा केला. तो वाद रंजक असला तरी भिंतीवर आता कोणाचा पैसा लागला होता, हे त्याने बदलत नाही.

आता बौद्ध पक्ष. सांचीला दगड होता, दाते शेकडो होते, विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी दक्षिण तोरणावर केलेले काम आजही दिसते. यक्ष, राजे, हत्ती, नगरे, सामान्य स्त्रीपुरुष सारे कोरले गेले. केवळ भगवंतांचा देह कोरला नाही. हा अभाव साधनांचा खचितच नव्हे. आल्फ्रेड फूशे यांनी त्याला प्रतीकांची कला म्हटले. सुसान हंटिंग्टन यांनी १९९० साली त्यास आव्हान देऊन, ही दृश्ये बुद्धचरित्रातील नसून पुढील काळातील तीर्थस्थळांच्या पूजेची आहेत असे प्रतिपादिले. विद्या देहेजिया यांनी एकाच शिल्पात अनेक अर्थ संभवतात असे उत्तर दिले. हंटिंग्टन यांचे म्हणणे काही फलकांना लागू पडते. परंतु भारहुतच्या ज्या फलकाखाली अजातशत्रू भगवंतांना वंदन करतो अशा अर्थाचा लेख आहे, तेथे त्यांची मात्रा चालत नाही. ही भेट सामञ्ञफलसुत्तातील, भगवंतांच्या हयातीतील आहे. लेख व्यक्तीचे नाव घेतो आणि शिल्प छत्र, आसन व पदचिन्हे दाखविते. येथे न दाखविणे हा जाणूनबुजून केलेला निर्णय आहे. देह पडल्यानंतर देव-मनुष्यांना तथागत दिसणार नाहीत, हा ब्रह्मजालसुत्तातील विचार ज्यांच्या परिचयाचा होता, त्यांचा तो निर्णय असावा असे आमचे मत आहे.

दुराच्या कुंडावरील एकूण एक प्रसंग तारणाचे आहेत. पेत्राला हात हवा, पक्षघात्याला आज्ञा हवी, मेंढराला खांदा हवा; तारणारा न दाखविता हे चित्र पुरे होऊच शकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मोक्षदाता व मार्गदाता असा जो भेद केला आहे, तो पाषाणातही वाचता येतो. मार्ग दाखविणाऱ्याची पावले पुरतात. गांधार व मथुरा येथे पुढे बुद्धमूर्ती घडल्या, म्हणून मार्गदाता मोक्षदाता झाला असे म्हणता येईल काय, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याला निराळा लेख हवा.

दुराच्या ख्रिस्ती घरातील चित्रे अमेरिकेत न्यू हेवन येथील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाकडे आहेत, सभास्थानाची चित्रे दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात, जसा भारहुतचा कठडा कोलकात्यात आहे. २०११ साली सुरू झालेल्या सिरियातील युद्धात मूळ स्थळाची मोठ्या प्रमाणावर लूट झाली. २०१४ च्या उपग्रह छायाचित्रांत तटाच्या आतील बहुतेक जमीन चोरट्यांनी खणलेल्या खड्ड्यांनी भरलेली दिसते. अशा खड्ड्यांतून निघालेली वस्तू बाजारात येते तेव्हा ती कोणत्या घरातील, कोणत्या भिंतीलगतची, हे सांगणारे कोणी राहिलेले नसते.