‘स्वयम्’चे चार भाग आणि अडलेली विद्यार्थिनी

आता ‘स्वयम्’कडे येऊ. २०१७ साली हे व्यासपीठ सुरू झालं. कोर्सचे चार भाग ठरलेले : व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चेची जागा आणि स्वतःला तपासून बघायची सोय. रचना उत्तम आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. माझी तक्रार अशी की सगळा जीव पहिल्या भागात ओतला जातो. स्टुडिओ, दिवे, प्राध्यापकांच्या तारखा. उरलेले तीन भाग पंगतीतल्या लोणच्यासारखे. वाढलं तर वाढलं.

वर्गात विद्यार्थिनी अडली की तिचा चेहरा दिसतो. कॅमेऱ्यासमोर चेहरा नसतो. मग ती कुठे अडेल हे आधीच ओळखून तिथे काहीतरी ठेवून द्यावं लागतं. मी कोर्सची आखणी म्हणतो ती याला.

आणि हे आपल्याला नवं नाही बरं का. १९८५ साली इग्नू, १९८९ साली नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. दूरशिक्षणाची पुस्तकं उघडून बघा. थोडं वाचून झालं की मध्येच प्रश्न येतो, उत्तर पुढे दिलेलं असतं. वाचणारा दिवसभर काम करून आलाय, विचारायला शेजारी कोणी नाही, हे लिहिणाऱ्याने धरलेलं असतं.

एनपीटीईएलच्या गुणपद्धतीतही हा विचार मला दिसतो. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारापैकी उत्तम आठ स्वाध्याय धरतात. त्यांना २५ टक्के, परीक्षेला ७५. माणूस आजारी पडतो, घरात लग्न निघतं, सोयाबीन काढायला येतं, याची ही दखल आहे. पण स्वाध्यायाच्या आत शिरा. बहुतेक ठिकाणी इतकंच कळतं की तुम्ही ‘ब’ निवडलं, बरोबर ‘क’ होतं. ‘ब’ का निवडावंसं वाटलं?

साधं उदाहरण घ्या. दहा घरं. नऊ घरांची मिळकत दहा-दहा हजार, एकाची दहा लाख. इथली सर्वसाधारण मिळकत किती? विद्यार्थिनी सरासरी काढते : एक लाख नऊ हजार. गणित बरोबर आहे! तिला नुसतं ‘चूक’ म्हणून भागेल का? ‘या दहांपैकी एका तरी घराची मिळकत एवढी आहे का, बघा’, एवढं एक वाक्य तिथे हवं. मध्यक म्हणजे काय ते ती मग स्वतःच शोधेल. हे वाक्य लिहायला स्टुडिओ लागत नाही, वर्गात ही चूक शंभरदा पाहिलेला शिक्षक लागतो.

भाषेचंही तेच. काही व्याख्यानांची मराठी भाषांतरं मिळू लागलीत, आनंद आहे. पण चर्चेत शंका विचारायची ती बहुधा इंग्रजीतच. दुसऱ्याचं इंग्रजी ऐकून समजतं हो, पण ‘मला इथे कळलं नाही’ हे नेमकं सांगायला आपली भाषा लागते. ती नसली की पोरं गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं, कोणाला शंकाच नाही.

यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेता येतात. म्हणजे हे आता वरचं काही राहिलेलं नाही. शिक्षकाची जागा भरायच्या ऐवजी कोर्स बसवता येतो, आणि तो बसवलाही जाईल. म्हणून कोणी मला कोर्स बघायला सांगितला, तर व्हिडिओ मी शेवटी बघतो. आधी तिसऱ्या आठवड्याची चर्चा उघडतो, आणि किती शंकांना उत्तर आलंय, किती दिवसांनी आलंय, ते मोजतो.