पाठटाचणातील विद्यार्थी : पाठनियोजनाच्या प्रचलित आकृतिबंधाची चिकित्सा
(पाथर्डी तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

अध्यापक शिक्षणाच्या क्षेत्रात पाठनियोजनाकडे प्रायः एक तांत्रिक बाब म्हणून पाहिले जाते. बी.एड. व डी.एड. (आताचे डी.एल.एड.) अभ्यासक्रमांत छात्राध्यापक रकाने आखून टाचण लिहितो, मार्गदर्शक त्यावर स्वाक्षरी करतात आणि पाठ संपल्यावर ती वही फाईलमध्ये बंदिस्त होते. तथापि टाचण हेही एक लेखन आहे. त्याला स्वतःचा घाट आहे, ठरीव भाषा आहे आणि न बोलता स्वीकारलेली काही गृहीतके आहेत. एखाद्या साहित्यप्रकाराची समीक्षा करावी तशी या लेखनाची चिकित्सा केल्यास, वर्गातील रंजकतेचा प्रश्न केवळ शैक्षणिक साधनांचा नाही, हे ध्यानात येते. प्रस्तुत लेखात ही चिकित्सा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्याच्या संदर्भात केली आहे.

पंचपदीचा वारसा

आपल्याकडील टाचणाचा सांगाडा मूलतः हर्बार्टचा आहे. या जर्मन तत्त्वज्ञाने (1776–1841) नवे ज्ञान जुन्या ज्ञानाशी जोडले गेले तरच ते मनात स्थिरावते, असा विचार मांडला. त्याच्या झिलर, राईन आदी अनुयायांनी त्यास पाच पायऱ्यांचे रूप दिले. पुढे 1956 मध्ये ब्लूम व सहकाऱ्यांनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या वर्गीकरणाची भर पडली आणि उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, साधने, मूल्यमापन असे रकाने रूढ झाले. मूळ विचार विद्यार्थ्याच्या पूर्वज्ञानाचा होता. रकान्यांत मात्र त्याचे 'प्रस्तावनेचे प्रश्न' झाले. पाच-सहा सोपे प्रश्न विचारत न्यायचे, शेवटच्या प्रश्नाला विद्यार्थ्यांनी निरुत्तर व्हायचे आणि मग शिक्षकाने हेतुकथन करायचे. विद्यार्थ्याचे अज्ञानही येथे पूर्वनियोजित असते!

या लेखनातील सर्वांत विलक्षण रकाना 'विद्यार्थी कृती' हा होय. पाठ होण्यापूर्वीच त्यात विद्यार्थ्यांची उत्तरे लिहिलेली असतात आणि ती बहुधा बरोबरच असतात. चुकीचे, अर्धवट अथवा अनपेक्षित उत्तर आल्यास काय करावे, यासाठी जागा नसते. वस्तुतः वर्ग जागा होतो तो नेमका अशाच उत्तराने.

सन 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाची परिभाषा महाराष्ट्रात रुळली. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांनी ती प्रत्यक्षात उतरवून दाखविली आणि राज्यभरातील शिक्षक त्या पाहण्यासाठी गेले. 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाने या विचारास शासकीय बळ दिले. परंतु अनुकरण करताना रंगविलेल्या फरश्या लवकर उचलल्या गेल्या; मुलाला विचार करण्यास दिला जाणारा अवधी तितक्या लवकर उचलला गेला नाही. टाचणाच्या वहीत तर शब्द तेवढे बदलले.

विषयागणिक पाठाची घडण

सर्व विषयांना एकच साचा लावणे हा या आकृतिबंधाचा दुसरा दोष. कविता आधी ऐकावी लागते. प्रश्नांची प्रस्तावना तिचा पहिला स्वाद हिरावून घेते. इतिहासाच्या पाठात निष्कर्षाच्या अगोदर पुरावा समोर यावयास हवा. विज्ञानाचे तर कालमानच निराळे असते. पाथर्डी तालुक्यात आदिनाथनगर येथे वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. रसाचे बाष्पीभवन आणि साखरेचे स्फटिकीभवन हा विषय येथील मुलाच्या परिचयाचा. पण संपृक्त द्रावणात दोरा सोडून खडीसाखरेचा स्फटिक वाढताना पाहावयाचा तर काही दिवस लागतात. साधारणतः 35 मिनिटांच्या तासिकेसाठी लिहिलेल्या टाचणात तो प्रयोग मावत नाही, म्हणून त्याची आकृती फळ्यावर येते.

भूगोलाची स्थिती अधिक बोलकी आहे. पर्जन्यछायेचा प्रदेश शिकविताना पाठ्यपुस्तकातील सह्याद्रीचा छेद काढला जातो. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडी हा अतिवृष्टीचा भाग आहे आणि पूर्वेकडील पाथर्डी अवर्षणप्रवण आहे. 'एकाच जिल्ह्यात असे का?' हा एक प्रश्न संपूर्ण पाठ पेलू शकतो. त्याचप्रमाणे गर्भगिरीच्या डोंगररांगेतील मढी येथील कानिफनाथांची यात्रा घ्यावी. 'भटक्यांची पंढरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ठिकाणी भरणारा गाढवांचा बाजार गणिताला खरेदी-विक्रीचे व्यवहार देतो, तर भाषेच्या तासाला बोलींचे वैविध्य.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'परिसराशी सांगड' या सूत्राच्या उत्साहात मुलाच्या घरची परिस्थितीच साधन म्हणून वापरली जाण्याचा धोका असतो. ऊसतोडणीतील उचल, मुकादमाचा हिशेब, कोयत्यामागे म्हणजे जोडप्यामागे ठरणारा व्यवहार यांवर शेकडेवारीची उत्तम उदाहरणे तयार होतील. परंतु ज्याच्या घरी ती उचल फिटलेली नाही, त्याला फळ्यासमोर उभे करून ते उदाहरण सोडवून घेणे हे अध्यापन नव्हे. संपूर्ण वर्गाने एका काल्पनिक कुटुंबाचा हिशेब मांडणे आणि एका मुलाने स्वतःच्या कुटुंबाचा मांडणे, यांतील अंतर टाचण लिहिणाऱ्याने ओळखले पाहिजे.

क्रमाचा प्रश्न

याहून गंभीर बाब क्रमाची आहे. शालेय वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पाथर्डीतून तोडणीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांतील अनेक मुलांच्या दृष्टीने दुसरे सत्र जवळपास अस्तित्वातच नसते. वार्षिक नियोजन मात्र वर्षभर उपस्थित असलेल्या विद्यार्थ्याला उद्देशून केलेले असते. बाजारात मिळणाऱ्या छापील टाचणांतील विद्यार्थी तर पुण्यात असतो तोच पाथर्डीत.

या अनुपस्थितीचा परिणाम प्रत्येक विषयात सारखा नसतो. कविता, इतिहासाचे प्रकरण अथवा परिसर अभ्यासातील घटक पुष्कळसे स्वतंत्र असतात; एक हुकला तरी दुसऱ्यात रस घेता येतो. गणित हे शिडीसारखे आहे. अपूर्णांक हुकलेल्या मुलासमोर शेकडेवारीचा कितीही आकर्षक खेळ मांडला तरी तो त्या खेळाच्या बाहेरच राहतो. त्याला आपण 'रस नसलेला' म्हणतो. त्याचा रस गेलेला नसतो, मधली पायरी गेलेली असते. तेव्हा पाथर्डीसारख्या तालुक्यात रंजक पाठाची सुरुवात चित्रे व तक्त्यांपासून होण्याऐवजी, दिवाळीपूर्वी काय शिकवावयाचे या निर्णयापासून व्हावयास हवी. गणितातील आधारभूत घटक पहिल्या सत्रात आणणे, तुलनेने स्वतंत्र घटक मागे ठेवणे, आणि एप्रिलमध्ये परतलेले मूल कोणत्या पायरीवर आहे हे तपासणारा छोटा पाठ आधीच लिहून ठेवणे, ही कामे शिक्षकाच्या आवाक्यातील आहेत. अडचण आहे ती एकसमान घटक चाचण्यांची. सर्वत्र एकाच वेळी एकच घटक तपासला जाणार असेल, तर क्रम बदलणारा शिक्षक तपासणीत दोषी ठरतो.

हंगामी वसतिगृहांच्या योजनेमुळे काही मुले गावीच राहतात व त्यांची शाळा अखंड चालू राहते. स्थलांतरित मुलांसाठीच्या शिक्षण हमी कार्डामुळे दुसऱ्या शाळेत प्रवेशाची सोय होते. पण हे कार्ड मुलाची इयत्ता सांगते. गावच्या शाळेत त्याने कोणता पाठ अर्धा सोडला, हे नव्या शिक्षकास त्यावरून उमगत नाही. गावच्या शिक्षकाच्या टाचणवहीत ती नोंद होऊ शकते. प्रचलित नमुन्यात तिच्यासाठी रकाना नाही.