‘तृतीया प्रकृति’ : एका अर्थनिर्णयाचे परीक्षण

प्राचीन भारतात पुरुषापुरुषांमधील किंवा स्त्रियास्त्रियांमधील कामसंबंधांकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जात असे, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो, आणि त्याची दोन उत्तरे तयारच असतात. एक पक्ष म्हणतो की, आपल्या पूर्वजांस ही गोष्ट सर्वथा निंद्य वाटे. दुसरा म्हणतो की, त्यांस तिचे काहीच वावडे नव्हते. निषेध तेवढा इंग्रजांबरोबर आला. दोन्ही पक्ष प्रमाणे देतात, आणि विशेष हे की, दोघांचीही प्रमाणे बहुधा इंग्रजी भाषांतरांतून उचललेली असतात. मूळ ग्रंथ समोर ठेवून पाहिले असता शास्त्रागणिक प्रश्नच निराळा आढळतो, म्हणून उत्तरही निराळे मिळते. हे निराळेपण झाकले जाण्यास एका शब्दाचे भाषांतर बरेचसे कारणीभूत झाले आहे, असे आमचे मत आहे. तो शब्द म्हणजे वात्स्यायनाचा ‘तृतीया प्रकृति’ हा होय.

कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणातील नवव्या अध्यायात हे प्रकरण येते. तृतीया प्रकृति दोन प्रकारची, स्त्रीरूपिणी व पुरुषरूपिणी, असे सांगून वात्स्यायन प्रत्येकीचे वर्णन करतो. स्त्रीरूपिणी वेषाने, बोलण्याचालण्याने व हावभावांनी स्त्रीचे अनुकरण करते आणि गणिकेप्रमाणे उपजीविका चालवते. पुरुषरूपिणी आपली अभिलाषा गुप्त ठेवते व अंगमर्दनाचा, म्हणजे संवाहकाचा, धंदा करून पुरुषांच्या निकट येते. सूत्रकार येथे देहाच्या कोणत्याही व्यंगाचा उल्लेख करीत नाही. जे सांगतो ते रूपाचे, अभिलाषेचे आणि वृत्तीचे.

१८८३ साली बर्टन व आर्बथनॉट यांच्या मंडळाने जे इंग्रजी भाषांतर छापले, त्यात मात्र या ठिकाणी ‘खोजा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला गेला, आणि ‘रूपिणी’ या पदाचा अर्थ ‘सोंग घेतलेला’ असा करण्यात आला. या भाषांतराच्या कामी पंडित भगवानलाल इंद्रजी व शिवराम परशुराम भिडे यांचे साहाय्य होते. काशी, कलकत्ता व जयपूर येथून पोथ्या मागवून पाठ जुळविल्याचे त्याच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे. नाणेघाटाचे लेख वाचणाऱ्या व सोपाऱ्याचा स्तूप उकलणाऱ्या भगवानलालांस ‘प्रकृति’ शब्दाचा अर्थ ठाऊक नसेल, हे संभवत नाही. तो शब्द इंग्रजीत कोणी बसविला ते आज सांगता येणार नाही. परंतु मूळ संस्कृत ग्रंथ जयमंगला टीकेसह पंडित दुर्गाप्रसादांनी मुंबईस छापविला तो १८९१ साली. म्हणजे मूळ हाती येण्यापूर्वी आठ वर्षे भाषांतर जगभर फिरत होते. जो अर्थ आधी रुजला, तो पुढे मूळ वाचणाऱ्यांच्याही डोळ्यांवर बसला.

या प्रमादास परंपरेचा थोडा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. अमरसिंहाने तृतीया प्रकृति, षंढ, क्लीब, पंड आणि नपुंसक हे शब्द एकाच पंक्तीत ओवले, आणि जयमंगलाकार यशोधर त्याच वाटेने गेला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयी जो निकाल दिला, त्यातही हे दोन शब्द जोडीने आले आहेत. कोशाचे काम पर्याय देण्याचे आहे. पण पर्याय म्हणजे लक्षण नव्हे. ‘नपुंसक’ याचा व्युत्पत्त्यर्थ ‘पुरुष नव्हे’ इतकाच, आणि मराठीत आज त्याचा जो अर्थ होतो तो वैद्यकाचा प्रांत आहे. तर मग वैद्यकासच विचारावे.

सुश्रुताने शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात आसेक्य, सौगंधिक, कुंभीक, ईर्ष्यक व षंढ असे पाच प्रकार दिले आहेत. ज्यांस कामप्रवृत्तीसाठी अन्य पुरुषाच्या संबंधाची अपेक्षा असते, ते आसेक्य व कुंभीक या गणनेत येतात. त्यांची लक्षणे येथे विस्ताराने देण्याचे प्रयोजन नाही. आपल्या विषयास महत्त्वाचे आहे ते अखेरचे विधान. पहिले चार सरेतस म्हणजे शुक्रयुक्त जाणावेत, शुक्रहीन तो एकटा षंढ, असा भेद सुश्रुत स्वतःच करतो. ज्या ग्रंथकाराने शस्त्रकर्मासाठी देह उघडून पाहिला, त्याने आसेक्यास खोजाच्या पंक्तीस बसविले नाही. शिवाय आसेक्याचे कारण तो मातापित्यांच्या अल्प बीजात शोधतो. हे कारण आजच्या शास्त्रास मान्य होणार नाही. परंतु ते गर्भाधानाचे कारण आहे, दुर्वर्तनाचे नव्हे, हा त्यातला लक्षात ठेवण्याजोगा भाग होय.

आता धर्मशास्त्र. येथे एक वैयक्तिक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी, प्रस्तुत लेखक शाळेत संस्कृत शिकवीत असता, वरच्या वर्गातील एका बुद्धिमान मुलाने तास संपल्यावर थांबून विचारले, “गुरुजी, पुरुषाचे पुरुषावर मन जडले तर मनू काय म्हणतो?” आम्ही ‘जातिभ्रंशकर’ हा एकच शब्द उच्चारला व पुस्तक मिटले. मुलगा नमस्कार करून गेला, आणि त्यानंतर त्याने कधीही काही विचारले नाही. २०१८ च्या सप्टेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने ६ तारखेस प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते दंडसंहितेचे ३७७ वे कलम रद्द केल्यावर, त्याचे पत्र आले. त्यात तक्रार नव्हती. त्या श्लोकात आणखी काय आहे, एवढीच पृच्छा होती.

आणखी पुष्कळ आहे. मनूच्या अकराव्या अध्यायात जातिभ्रंशकर कर्मांची जी यादी आहे, तीत पुरुषमैथुनाच्या शेजारी ब्राह्मणास इजा करणे, हुंगू नये ते हुंगणे, मद्याचा वास घेणे आणि कपटाने वागणे ही बसली आहेत. या वर्गाचे प्रायश्चित्त, बुद्ध्या केले असल्यास सांतपन, अबुद्ध्या असल्यास प्राजापत्य. सांतपन म्हणजे पंचगव्य व कुशोदक घेऊन पुढे एका रात्रीचा उपवास. प्राजापत्य बारा दिवसांचे. त्याच अध्यायात पुढे द्विजाने पुरुषाशी, किंवा बैलगाडीत, पाण्यात अथवा दिवसा स्त्रीशी संग केल्यास सचैल स्नान सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी एकच कर्म अभिप्रेत आहे की नाही, हा टीकाकारांच्या विचाराचा भाग. पण सुरापानास उकळती सुरा पिऊन देहान्त सांगणाऱ्या ग्रंथात या कर्माची पायरी कोणती, हे वाचकास दिसतेच. दोष मानला आहे, यात संशय नाही. पण पाहावयाचे आहे ते त्या दोषाचे वजन. आम्ही त्या मुलास दोष सांगितला आणि वजन सांगितले नाही. अर्धा श्लोक सांगणे हे पाठांतर चुकण्याहून वाईट.

कौटिल्याकडे वळले की प्रायश्चित्ताची भाषा संपते आणि पणांची सुरू होते. १९०९ साली शामशास्त्र्यांनी म्हैसुराहून हा ग्रंथ छापला, तोवर या अंगाचे प्रमाण उपलब्धच नव्हते. चौथ्या अधिकरणाच्या तेराव्या अध्यायात पुरुषगमनास पूर्व साहसदंड, म्हणजे ४८ ते ९६ पण, सांगितला असून स्त्रीशी अयोनिगमन करणाऱ्यासही तोच आहे. म्हणजे कौटिल्याचा कटाक्ष जोडीदार पुरुष की स्त्री यावर नसून कर्म संततीच्या मार्गाने चालले की नाही यावर आहे. याज्ञवल्क्य ही दोन कर्मे अशीच जोडीने घेतो आणि दंड २४ पणांवर आणतो. कौटिल्याच्या त्याच अध्यायात अरक्षित ब्राह्मणीशी संग करणाऱ्या शूद्रास गवताच्या अग्नीत जाळण्याची शिक्षा आहे. राजशासनाचा धाक खरोखर कोठे एकवटला होता, ते या दोन आकड्यांच्या तुलनेतून कळते. १८६० च्या दंडसंहितेत ३७७ व्या कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. तिची मुळे मनूत शोधणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

स्त्रियांच्या बाबतीत आधुनिक लेखकांनी विशेष घोटाळा केला आहे. मनूच्या आठव्या अध्यायात कन्येस दूषित करणाऱ्या स्त्रीचे मुंडन, दोन बोटांचा छेद व गाढवावरून धिंड सांगितली आहे. हा श्लोक एकटा काढून स्त्रियांच्या परस्पर प्रेमास प्राचीनांनी क्रूर शिक्षा दिली, असे लिहिले जाते. पण त्याच्या मागेच, कन्येस दर्पाने दूषित करणाऱ्या पुरुषाची दोन बोटे तोडून ६०० पण घ्यावेत, असा श्लोक आहे. प्रकरण कन्यादूषणाचे आहे, आणि चिंता कौमार्याची व शुल्काची. कौटिल्य याच कर्मात, कन्या सकामा व समान वर्णाची असल्यास, तिला १२ पण व करणारीस २४ पण सांगून मोकळा होतो. विवाहित अथवा प्रौढ स्त्रियांविषयी या स्थळी अक्षरही नाही.

इथवर जुन्या भाषांतराचा दोष दाखविला. नव्याचाही दाखविला पाहिजे, नाहीतर परीक्षण एकाक्ष होईल. कामसूत्राच्या त्याच नवव्या अध्यायाच्या अखेरीकडे काही नागरकांचा उल्लेख आहे. ते एकमेकांचे हितैषी, रूढविश्वास असे असून ‘परस्परपरिग्रह’ करतात. आलाँ दानिएलू यांच्या १९९४ च्या इंग्रजी भाषांतरात या नागरकांचा विवाह लावून दिलेला आहे. ‘परिग्रह’ शब्दाचा एक अर्थ भार्या असा होतो, हे खरे. तथापि मागचा श्लोक कुंडले घातलेल्या तरुण सेवकांच्या औपरिष्टक कर्माचा, पुढचा पुरुष स्त्रियांच्या ठायी तेच कर्म करतात हे सांगणारा, आणि दुवा जोडणारे ‘तथा’ हे पद मध्ये उभे. अशा संदर्भात विवाहसंस्कार आणणे म्हणजे शब्दाचा कान धरून त्याला दुसऱ्याच घरी नेणे होय. समलिंगी विवाहास मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. तो वाद ज्यांस पुढे चालवावयाचा असेल त्यांनी अवश्य चालवावा, पण या श्लोकाच्या खांद्यावर तो भार टाकू नये.

मात्र भाषांतरकाराच्या अतिरेकामुळे श्लोकाचे खरे मोल उणे होत नाही. ‘हितैषी’ आणि ‘रूढविश्वास’ ही दोन विशेषणे औपरिष्टकाच्या तांत्रिक वर्णनास मुळीच आवश्यक नव्हती. सेवकांच्या श्लोकात ती नाहीत. बरोबरीच्या दोन पुरुषांविषयी बोलताना मात्र वात्स्यायनास मैत्री व विश्वास यांची नावे घ्यावीशी वाटली. कामसूत्रात या विषयावर याहून मृदू शब्द आम्हास आढळले नाहीत.

आणि हाच वात्स्यायन अध्याय संपविताना बजावतो की, शास्त्रात आहे एवढ्यावरून आचरावे असे नव्हे. वैद्यकात कुत्र्याच्या मांसाचेही गुण सांगितले आहेत, म्हणून शहाण्याने ते खावे काय? मग तोच पुन्हा म्हणतो की, असे पुरुष आहेत, असे देश आहेत, असे काळ आहेत की ज्यांस हे प्रयोग निरर्थक नाहीत. देश, काळ, शास्त्र व स्वतःस पाहून ज्याने त्याने ठरवावे. निंदकांनी पहिले वाक्य घेतले, समर्थकांनी दुसरे. ग्रंथात ती लागोपाठ आहेत.

एका गोष्टीची सावधगिरी मात्र ठेवावी. वात्स्यायन या व्यक्तींस स्त्रीलिंगी सर्वनाम वापरतो, यावरून काहींनी मोठे सिद्धान्त काढले आहेत. पण ‘प्रकृति’ हा शब्दच स्त्रीलिंगी, तेव्हा सर्वनाम निराळे येणार कसे? सामाजिक प्रमाण हवे असल्यास ते भाणांत शोधावे. १९२२ साली रामकृष्ण कवी व रामनाथ शास्त्री यांनी प्रसिद्ध केलेल्या चतुर्भाणीतील ‘उभयाभिसारिका’ या भाणात सुकुमारिका नावाची तृतीया प्रकृति भेटते. तिचा प्रियकराशी रुसवा झाला आहे. विट तिची समजूत घालतो, ऋतुकाळाचा अडथळा नाही, गर्भाची भीती नाही, अशी थट्टामिश्रित स्तुती करतो, आणि पुढच्या घरी जातो. रस्त्यात भेटणाऱ्या गणिकांच्या गाऱ्हाण्यांत तिचे एक गाऱ्हाणे, इतकेच. तो तिची टवाळी करतो, पण टवाळी तो सगळ्यांचीच करतो.

त्या पत्राचे उत्तर आम्ही सविस्तर लिहिले. प्रस्तुत लेख त्याचाच विस्तार आहे. एक काम मात्र आमच्याने एकट्याने होणारे नाही. अमरकोशाच्या पोथ्या महाराष्ट्रातील जुन्या घरांतून पुष्कळ सापडतात, आणि त्यांच्या समासांत शिकणाऱ्याने किंवा शिकविणाऱ्याने मराठी अर्थ टिपलेले असतात. द्वितीय कांडाच्या मनुष्यवर्गात, ‘तृतीया प्रकृति’ जीत आहे त्या पंक्तीशेजारी कोणता मराठी शब्द लिहिला आहे, तो संग्राहकांनी आपापल्या पोथीत पाहून, पोथीच्या लेखनशकासह, कळवावा. आमच्या घरच्या पोथीत वरच्या व खालच्या ओळींस बारीक अक्षरात अर्थ दिलेले आहेत. त्या ओळीपुढे समास कोरा आहे.